घाटकोपरची फॅमिली रूम

घाटकोपरला आमचं कोणी नव्हतं, म्हणूनच आई आणि मावशी तिथे भेटायच्या. अंधेरीत भेटावं तर आमच्या चाळीतल्या कोणीतरी बघितलं असतं आणि संध्याकाळपर्यंत ते वडिलांच्या कानावर गेलं असतं. मानखुर्दला मावशीच्या वस्तीत निम्मी माणसं काकांच्याच, म्हणजे मावशीच्या नवऱ्याच्या गावची, तिथे तर प्रश्नच नव्हता. घाटकोपर दोघींना सारखंच लांब पडायचं आणि तिथे आमच्याकडे ढुंकून बघणारं कोणी नव्हतं. दुकानांवर गुजराती पाट्या, फुटपाथवर गुजराती बायका, आणि त्यांच्यातून कोकणातल्या दोन बहिणी पदर सावरत स्टेशनजवळच्या उडप्याच्या हॉटेलात शिरायच्या.

भांडण या दोघींचं नव्हतं. भांडण त्यांच्या नवऱ्यांचं होतं. वडील आणि काका एकाच गिरणीत होते. संप लागला तसे वडील थोडे दिवस थांबले, मग अंधेरीला एमआयडीसीतल्या एका कारखान्यात चिकटले. काका शेवटपर्यंत संपात राहिले आणि त्यांच्या घरातली भांडीसुद्धा बाजारात गेली. पुढे नात्यातल्या एका बारशाला, भर पंगतीत, काकांनी वडिलांना पळपुटा म्हटलं. वडील भरल्या ताटावरून उठले. त्या माणसाच्या घरचं पाणीसुद्धा यापुढे प्यायचं नाही, असं त्यांनी घरी येऊन जाहीर केलं आणि त्यात आईलाही धरलं. तिकडे काकांनीही मावशीला तेच सांगितलं. बायकांना विचारावं असं दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. त्या काळी ते कोणाच्याच डोक्यात येत नसे.

आता या दोघींना भाऊ नाही. आईवडील केव्हाच गेलेले. गावचं घर भाऊबंदकीत चुलत्यांकडे गेलं, तेव्हा मे महिन्यात जायलाही जागा उरली नाही. माहेर म्हणून आईला मावशी होती आणि मावशीला आई. तेवढंही तुटलं असतं तर आईचं काय झालं असतं, हे मला तेव्हा कळण्याचं वय नव्हतं, पण बारशानंतरचे काही महिने ती घरात कशी वावरायची ते मला नीट आठवतं. ती कामं सगळी करायची. बोलायची मात्र फक्त विचारलं तर.

मग एका मंगळवारी वडील दुपारपाळीला गेल्यावर आईने मला तयार केलं. माझी शाळा सकाळची. म्हणाली, "चल, मॅचिंगला जायचंय." अंधेरीत ब्लाउजपीसची मॅचिंग सेंटरं काय कमी होती? पण आम्ही बसने साकीनाक्यावरून थेट घाटकोपरला गेलो. हॉटेलच्या पायरीशी मावशी उभी होती. निरोप कसा गेला, कोणी नेला, हे आईने मला कधीच सांगितलं नाही.

बाहेरच्या हॉलमध्ये सगळे पुरुष. सांबारचा वास, स्टीलच्या पेल्यांचा खणखणाट, गल्ल्यावर गंध लावलेले मालक आणि त्यांच्या डोक्यावर देवाच्या तसबिरीला मोगऱ्याचा गजरा. आई उंबऱ्यातच अडखळली. ती तोवर बरोबर पुरुषमाणूस नसताना कुठल्या हॉटेलात गेलेली नव्हती. मालकांनी मान वर न करता मागे बोट दाखवलं. मागे भिंतीवर लिहिलं होतं, फॅमिली रूम.

रूम कसली, लाकडी फळ्यांनी पाडलेले कप्पे होते ते. प्रत्येक कप्प्यात एक सनमायकाचं टेबल, दोन बाकडी आणि पुढे तारेवर सरकणारा हिरवा पडदा. भिंतीवर पाट्यांची रांग. 'बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत.' 'केस विंचरू नयेत.' 'विनाकारण बसू नये.' पुढच्या काही वर्षांत आम्ही यातला एकही नियम मोडायचा ठेवला नाही. शेजारच्या कप्प्यांमधून कुजबुज यायची. तिथे कॉलेजची पोरं-पोरी बसलेली असत, कोणाचं तरी लग्न ठरत असे नाहीतर मोडत असे. सगळी घरच्यांना चोरून आलेली. त्यात माझी आई आणि मावशीही.

चहा आला, पडदा ओढला आणि मावशीने आईच्या गालावरून हात फिरवला.

"काय गो, किती बारीक झालंस?"

"माका वाटला तू येवचस नाय," आई म्हणाली आणि रडायलाच लागली.

"रडतस कित्याक? चाय थंड होता."

मी आईकडे बघतच राहिले. घरी आई मुंबईची मराठी बोलायची, चाळीत सगळे बोलतात तशी. वडील रत्नागिरीकडचे, त्यांना मालवणी ऐकली की हसू यायचं, म्हणून तिने ती लग्नानंतर गुंडाळून ठेवली होती. पडद्याआड ती सगळी उलगडून बाहेर आली. इतकी भराभरा बोलणारी, टेबलावर थाप मारून हसणारी, तोंड भरून शिव्या देणारी आई मी घरी कधी पाहिली नव्हती. मला ती फार आवडली. तिला तशीच घरी घेऊन जावंसं वाटायचं.

तेव्हापासून महिन्याचा पहिला मंगळवार ठरला. आम्ही एक मसाला डोसा, एक इडली आणि चहा सांगून दुपारभर बसत असू. मावशी पिशवीतून डबा काढून माझ्यापुढे सरकवायची, "घावणे हाडलंय. खा पटापट, तो येयत." तो म्हणजे वेटर. मंगळूरकडचा, पिकल्या मिशांचा, कमी बोलणारा माणूस. तो यायच्या आधी फळीवर बोटांनी टकटक करायचा आणि मग जरा थांबून पडदा बाजूला करायचा. तेवढ्यात डबा बाकड्याखाली जायचा. पण घावण्यांचा वास बाकड्याखाली कसा जाणार? त्याने कधी विचारलं नाही. एकदा फक्त न मागता चटणीची एक जास्तीची वाटी टेबलावर ठेवून गेला, आणि घावण्यांबरोबर ती झकास लागली.

उठायच्या आधी ओटी भरायची. मला त्या दुपारींमधलं सगळ्यात जास्त हे आठवतं. माहेरवाशीण निघाली की तिची ओटी भरायची, रिकामं पाठवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आता दोघीही माहेरवाशिणी आणि दोघीच माहेर, म्हणून त्यांनी पाळी लावून घेतली होती. एका महिन्यात आई मावशीची ओटी भरायची, पुढच्या महिन्यात मावशी आईची. सांबारचे थेंब पदराने पुसून टेबलावर रुमाल पसरायचा, त्यावर तांदूळ, नारळ, सुपारी आणि ब्लाउजपीस. हळदीकुंकू लावायचं आणि ओंजळीने पदरात घालायचं. हे सगळं शेजारी कोणाचं तरी प्रेम फुलत असताना आणि बाहेर 'दोन कडक, एक फिका' अशी आरोळी चालू असताना.

एका मंगळवारी वेटर टकटक करून आत आला तो नेमका त्याच क्षणी. आईच्या पदरात तांदूळ, मावशीच्या बोटाला कुंकू. आई कपाळावरच्या कुंकवाइतकी लाल झाली. त्याने पडदा घाईघाईने ओढला आणि निघून गेला. आता मालकांना सांगून हाकलणार, असं मावशी म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा टकटक झाली. पडदा न सरकवता एक हात तेवढा आत आला. हातात बशी होती आणि बशीत दोन केळी.

"आमच्या गावाला पण करते असं, अक्का," बाहेरून तो म्हणाला. "केळी पण पाहिजे त्याच्यात."

तेव्हापासून पहिल्या मंगळवारी कोपऱ्यातला तो कप्पा आमच्यासाठी रिकामा असायचा. आम्ही सांगितलं नव्हतं. तोच पडदा ओढून ठेवायचा. आत गेलं की टेबलावर बशी आणि बशीत केळी तयार असत.

पुरावा म्हणून आई दर खेपेला शेजारच्या मॅचिंग सेंटरमधून काहीतरी घ्यायची. अगदी अरुंद, लांबलचक दुकान होतं ते, छतापर्यंत कापडाच्या घड्या. एका लाल रंगात किती लाल असतात ते मला तिथे कळलं. दुकानदार कच्छी म्हातारा, साडीचं टोक हातात घेऊन दारातल्या उजेडात यायचा आणि परत आत जाऊन अचूक त्याच रंगाचं कापड काढायचा. घरी वडील म्हणायचे, "घाटकोपरला ब्लाउजपीस काय झाडाला लागतात? एकदा मला पण ने, बघू तरी." आईच्या हातातलं लाटणं थांबायचं. मग ती म्हणायची, "तुम्हाला काय कळतंय मॅचिंगमधलं?" वडिलांना खरंच काही कळत नव्हतं की सगळंच कळत होतं, हे मला आजही सांगता यायचं नाही.

अशी काही वर्षं गेली. मग वडिलांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात काका शहाळं घेऊन उभे राहिले. दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. काका म्हणाले, मी बोलायला नको होतं. वडील म्हणाले, मी ताटावरून उठायला नको होतं. इतकी वर्षं बायकांना चोरासारखं बसमधून फिरायला लावलं आणि यांचं भांडण एका शहाळ्यात मिटलं! मला तेव्हा आनंद झाला होता. राग नंतर आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

आई तर हवेतच होती. "आता कशाला लपूनछपून?" ती म्हणाली. पुढच्या पहिल्या मंगळवारी आम्ही घाटकोपरला गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. रविवारी सगळे मिळून उघड उघड मानखुर्दला गेलो, कोळंबीचं कालवण झालं, काकांनी वडिलांना आग्रह करकरून वाढलं. कप्प्याची कोणाला आठवणही झाली नाही. आता आम्ही येणार नाही, एवढं तरी त्या माणसाला सांगून यावं, हे कोणाला सुचलं नाही.

घरी जाणं-येणं सुरू झालं आणि आई-मावशीचं बोलणं मात्र आटलं. मला हे कळायला बराच वेळ लागला. बाहेरच्या खोलीत पुरुषांचा आवाज चढलेला, आत मावशीची सासू पाटावर बसलेली, आणि या दोघी मासे तळत एकमेकींना विचारायच्या, "तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?" तेसुद्धा साध्या मराठीत, नुकत्याच झालेल्या विहिणींसारखं. ओटी आता थाटात भरली जायची, साडीसकट, सगळ्यांसमोर. मावशीची सासू कापड चिमटीत धरून बघायची. आई पदरात ओटी घेऊन नमस्कार करायची आणि आम्ही निघायचो. बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत बसायची. एकदा मला म्हणाली, "आज काय बोललो गं आम्ही?"

त्यानंतर वर्षभरात काका गेले. सकाळी कामावर जायला निघाले आणि दारातच कोसळले.

पुढच्या संक्रांतीला आईने मावशीला मुद्दाम आमच्याकडे बोलावून घेतलं. संध्याकाळी चाळीतल्या बायका हळदीकुंकवाला आल्या, तशी मावशी आपणहून आतल्या खोलीत गेली आणि तिळगुळाच्या वाट्या भरत बसली. आई करंडा घेऊन एकेकीला कुंकू लावत आतल्या दारापर्यंत गेली. मावशीने वर बघितलं. आईचा हात उचलला गेला होता, मी बघितलाय. तेवढ्यात शेजारची एक बाई पाणी मागायला आत आली आणि आईने हात खाली घेतला. नवरा मेला की बाईच्या पदरात ओंजळभर तांदूळसुद्धा घालायचे नाहीत, हा नियम ज्याने कोणी केला असेल त्याला एकदा माझ्यासमोर उभा करा. तेव्हा मी कॉलेजात होते, तोंडाची खमकी होते, तरी त्या दिवशी मीही फक्त त्या बाईला पाणी दिलं. मावशीने वाट्या भरून संपवल्या.

बायका गेल्यावर आई मोरीत भांडी घासता घासता मला म्हणाली, "पाळी माझी होती." मला कळेना. ती म्हणाली, घाटकोपरला शेवटचं गेलो तेव्हा मावशीने आईची ओटी भरली होती. पुढची आईने भरायची, ती राहूनच गेली होती. "ते साड्यांचं सोड, ते लोकांसाठी होतं. आमची पाळी तिकडची." मग हात पुसून म्हणाली, "पडदा ओढला की कोण बघतंय?"

पहिल्या मंगळवारी आम्ही निघालो. आईच्या पिशवीत तांदळाची पुरचुंडी, नारळ, सुपारी आणि कुंकवाची डबी होती. ब्लाउजपीस तेवढा तिथेच घ्यायचा होता, नेहमीसारखा. मावशी ठरल्याप्रमाणे आली होती, पण पायरीशी नव्हती. रस्त्याच्या पलीकडे उभी होती. कारण पायरीच नव्हती. हॉटेलच्या जागी काचेची दारं होती, आत ट्यूबलाइटांचा लखलखाट आणि तयार कपड्यांचं दुकान.

आम्ही मॅचिंगवाल्याकडे गेलो. म्हातारा अजून होता. त्याने आम्हाला लगेच ओळखलं.

"बेन, तुम्ही तर एकदमच बंद झाले ना," तो म्हणाला. "तो वेटर रोज मला विचारायचा, त्या दोन बेन इकडे येते का? मंगळवारी कस्टमरला बसू नाही द्यायचा. मालक बोंब मारायचा, तरी पडदा लावून ठेवायचा."

"आता कुठे असतो?" आईने विचारलं.

"गावाला गेला. हॉटेल विकलं तेव्हाच सगळे गेले."

आई दुकानातल्या स्टुलावर बसली. म्हाताऱ्याने पाणी दिलं. गावाचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. माणसाचंही नाव आम्हाला कोणाला ठाऊक नव्हतं. आमच्यासाठी कुठेतरी एक पडदा ओढलेला होता, केळी ठेवलेली होती, आणि आम्ही मानखुर्दला कोळंबी खात होतो.

तरी आई ऐकेना. हिरव्या रंगाचा ब्लाउजपीस तिने घेतला आणि आम्हाला घेऊन त्या काचेच्या दुकानात शिरली. मागे, जिथे आमचे कप्पे होते तिथे, कपडे घालून बघायच्या खोल्या केल्या होत्या. त्यांना पडदे होते. आईची नजर तिथेच गेली. तिने हाताला लागेल तो ड्रेस माझ्यासाठी उचलला आणि मावशीचा दंड धरून सरळ तिकडे चालायला लागली.

"एका वेळी एकच जण, मॅडम," काउंटरवरचा पोरगा ओरडला.

"मुलगी आहे माझी. बघायला नको?"

"एकच जण. बाकी बाहेर थांबा."

सगळीकडे आरसे होते. प्रत्येक आरशात मावशी दिसत होती, पांढरी साडी, मोकळं कपाळ. दुकानातल्या बायका वळून बघायला लागल्या. मावशीने आईच्या हातातून आपला दंड सोडवून घेतला.

"नको गो. आता माझी कसली ओटी?"

"हयच भरतंय. लोकांका बघू देत."

"माका नाय चालायचा," मावशी म्हणाली आणि दरवाजाकडे गेली.

आई त्या पडद्याशी उभी राहिली. मी ड्रेस जागेवर ठेवला. पडद्याआड ही गोष्ट मावशीने चटकन करून घेतली असती, थोडी रडली असती, चहा थंड होतोय म्हणून आईवरच ओरडली असती, हे आम्हा तिघींनाही ठाऊक होतं. त्या उजेडात मात्र ती आधी विधवा होती आणि बहीण नंतर.

मानखुर्दच्या बसच्या स्टॉपवर आईने पिशवीत हात घातला. मावशीने तो तिथेच दाबून धरला. "भर रस्त्यात? खुळी झालंस काय? पुढच्या खेपेक बघू." बस आली, मावशी चढली. खिडकीतून तिने हात केला.

पुढची खेप आली नाही. त्यापुढेही मावशी बरीच वर्षं होती, आमच्याकडे यायची, माझ्या लग्नातही होती. मंडपात मागच्या खुर्चीवर बसून तिने अक्षता टाकल्या. तिची ओटी मात्र कोणी भरली नाही, आईनेही नाही. आईने जागा शोधली नाही असं नाही. अंधेरीला एक नवं हॉटेल झालं होतं, तिथे दोघींना मी स्वतः घेऊन गेले. सगळा हॉल उघडा, पाठीमागे उभे राहणारे वेटर, आणि खाऊन व्हायच्या आत समोर बिल. आईने पिशवी मांडीवरून खाली ठेवलीच नाही.

पण मला आठवते ती त्या मंगळवारची संध्याकाळ. आम्ही घाटकोपरहून घरी आलो. आईने हात-पाय धुतले, पिशवीतून पुरचुंडी काढली आणि तांदूळ परत डब्यात ओतायला लागली.

"आई, ओटीचे तांदूळ परत डब्यात घालत नाहीत," मी म्हटलं. तिनेच शिकवलेलं.

तिने पुरचुंडी झटकून घडी केली.

"ओटी भरली कुठे?" ती म्हणाली. "तांदूळच आहेत ते नुसते."

मग त्याच डब्यातले तांदूळ घेऊन तिने भात टाकला. वडील पाळी संपवून आले, जेवायला बसले, भात छान झालाय म्हणून मागून घेतला. आईने त्यांना वाढलं. ती स्वतः त्या दिवशी भाताला शिवली नाही.